भाड्याची गाडी, परका विमा: गोव्यात अपघात झाला तर काय करावे

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात म्हापशाहून आसगावकडे जाताना, चिऱ्याच्या कुंपणाआडच्या अरुंद वाटेने एक स्कूटर अचानक रस्त्यावर आली आणि मी चालवत असलेल्या भाड्याच्या गाडीला डाव्या बाजूने घासत गेली. स्कूटरवरच्या मुलाचे कोपर सोलवटले, गाडीचा डावा आरसा तुटून वायरीला लोंबकळू लागला आणि मागच्या दारावर हातभर लांब पोचा पडला. एकूण पाहता नुकसान मोठे नव्हते. तरीही त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मला ज्या गोष्टी धडपडून समजून घ्याव्या लागल्या, त्या गाडी ताब्यात घेण्याआधीच कोणी समजावून सांगितल्या असत्या तर पुष्कळ मनस्ताप वाचला असता. पुण्या-मुंबईहून गोव्यात जाऊन स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्वतःच्या गाडीला अपघात होतो तेव्हा गाडीचा मालक, तिचा चालक आणि विमा उतरवणारा हे तिन्ही बहुधा एकच असतात. भाड्याच्या गाडीत चालक तेवढे आपण असतो. मालक दुसरा असतो आणि विम्याची पॉलिसी त्या मालकाच्या नावावर असते. त्यामुळे अपघात झाल्या क्षणी आपण तीन निरनिराळ्या नात्यांत सापडतो. जखमी माणसाशी आणि पोलिसांशी आपले नाते कायद्याने ठरते, आणि ते कोणत्याही कराराने बदलत नाही. गाडीमालकाशी असलेले नाते करारनाम्याने ठरते. विमा कंपनीशी मात्र आपले थेट नाते जवळजवळ नसतेच. आपल्याला तिथवर मालकाच्या मार्फतच पोहोचावे लागते. बहुतेक गोंधळ ही तीन नाती एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. मालक म्हणतो, ‘पोलिसांत जाऊ नका, पैसे देऊन मिटवा,’ आणि घाबरलेला चालक करारातल्या माणसाचा सल्ला कायद्याच्या बाबतीत ऐकून बसतो.

पहिले काम माणसांचे

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १३२ आणि १३४ चालकावर जी कर्तव्ये टाकतात ती फार स्पष्ट आहेत. गाडी थांबवणे, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करणे आणि पोलिसांना माहिती देणे ही ती कर्तव्ये होत. पोलीस घटनास्थळी नसतील, तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जाऊन माहिती द्यावी लागते. ही कर्तव्ये चालकाची आहेत, मालकाची नव्हेत. गाडी कोणाच्या नावावर आहे याने त्यांत काडीचाही फरक पडत नाही. कलम १८७ नुसार ती न पाळणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे चूक समोरच्याची असूनही आपण निघून गेलो, तर निघून जाण्याचा दोष आपल्या माथी येतोच.

गोव्यात आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, तर पोलिसांसह कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर असाल तर महामार्गाचा १०३३ हा मदत क्रमांकही आहे. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. जखमीजवळ पैसे नाहीत म्हणून त्याला नेण्यास कोणी कचरत असेल, तर ही गोष्ट त्याला आवर्जून सांगावी. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांनी किंवा रुग्णालयाने अडकवून ठेवू नये यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आणले आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

जमाव जमला आणि मारहाणीची भीती वाटू लागली तर काय, हा प्रश्न परक्या गावात अधिकच बोचतो. कायद्याने ही वेळ ओळखलेली आहे. जमावाच्या रोषामुळे किंवा चालकाच्या हाताबाहेरच्या कारणामुळे मदत करणे शक्य नसेल, तर त्यापुरती सूट कलम १३४ मध्येच दिलेली आहे. मात्र ही सूट जागा सोडण्यापुरती आहे, गप्प बसण्यासाठी नाही. गाडीत बसल्याबसल्या ११२ ला फोन करावा, आपण कोठून कोठे जात आहोत ते सांगावे आणि थेट जवळच्या ठाण्यात जावे. त्या फोनची वेळ नोंदली जाते आणि पुढे ‘चालक पळून गेला’ या आरोपाला तेच उत्तर ठरते.

जागच्या जागी मिटवण्याचा मोह

आसगावात आमच्याभोवती पाचसहा माणसे जमली होती. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मुलाच्या कोपरावर पाणी ओतले आणि मला म्हणाले, “बाबा, पोराला हजार-दोन हजार दे आणि जा, तुझी सुट्टी फुकट जाईल.” त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

एक म्हणजे, वाहन विम्याच्या प्रमाणित पॉलिसीतच अशी अट असते की विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणी चूक कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये आणि पैसेही देऊ नयेत. आपण विमाधारक नसलो तरी गाडी त्याचीच चालवत असतो. म्हणून ‘सर्व चूक माझी, सर्व खर्च मी देईन’ असे कागदावर लिहून देणे मालकाचा दावाही अडचणीत आणू शकते. दुसरे म्हणजे, दोन हजार रुपये घेऊन गेलेल्या माणसाला संध्याकाळी आतल्या दुखापतीचा त्रास सुरू झाला, तर त्याचा भरपाई मागण्याचा हक्क संपलेला नसतो आणि आपल्याजवळ मात्र काय घडले याची कोणतीही नोंद नसते. माणुसकी म्हणून औषधाचा खर्च करावा, रुग्णालयात सोबत जावे. त्यात गैर काही नाही. पण त्याला ‘तडजोड’ हे नाव देऊ नये आणि पोलिसांकडची नोंद टाळण्यासाठी तो खर्च करू नये.

मी त्या मुलाला म्हापशाच्या रुग्णालयात नेले, मलमपट्टी करून घेतली आणि तेथूनच पोलीस ठाण्यात गेलो. तत्पूर्वी रस्त्यावरच जे फोटो काढले होते, त्यांनी पुढे फार मदत केली. नुसत्या पोचाचा जवळून काढलेला फोटो पुरत नाही. दोन्ही वाहने हलवण्याआधी ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती, चाके कोणत्या दिशेला वळलेली होती, समोरचा फलक किंवा दुकान कोणते, हे एकाच चौकटीत दिसेल असा दुरून काढलेला फोटो हवा. समोरच्याच्या वाहनाचा क्रमांक आणि परवाना, त्याच्या विमा कंपनीचे नाव, आणि पाहणाऱ्यांपैकी एखाददुसऱ्याचा फोन क्रमांक तो राजी असेल तर घ्यावा.

पोलीस ठाण्यातला कागद

किरकोळ नुकसान असेल आणि कोणाची तक्रार नसेल, तर ठाणे दैनंदिनीत नोंद होते. कोणी जखमी झाले असेल आणि गुन्हा दाखल झाला, तर एफआयआर, पंचनामा आणि जबाब हे सारे ओघाने येते. दोन्ही प्रसंगी नोंदीचा क्रमांक आणि प्रत मागून घ्यावी, कारण विमा कंपनी पुढे तोच क्रमांक विचारते. जबाब देताना जे पाहिले तेवढेच सांगावे, वेगाचा किंवा अंतराचा अंदाज ठोकून देऊ नये आणि वाचल्याशिवाय सही करू नये. अडचण वाटल्यास वाचून दाखवण्यास सांगावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून निष्काळजीपणे गाडी चालवण्यासाठी कलम २८१, दुखापतीसाठी कलम १२५ आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लावले जाते. शेवटच्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी गुन्हा जामीनपात्र आहे, हे घाबरलेल्या कुटुंबीयांना माहीत असणे आवश्यक आहे; अर्थात मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली असेल तर पहिला जबाब देण्याआधीच वकिलाशी बोलावे. दारूच्या बाबतीत मात्र कोणताही आडोसा नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की कलम १८५ लागू होते, गाडीच्या नुकसानीचा विमा नाकारला जातो आणि करारनाम्यातले सगळे संरक्षणही त्याच क्षणी संपते. किनाऱ्यावर दुपार घालवल्यावर गाडी हाती घेण्याआधी हा हिशेब ज्याने त्याने करावा.

पोलिसांनी गाडी तपासणीसाठी ताब्यात घेतली, तर ती सोडवून आणण्याचा अर्ज नोंदणीकृत मालकाला करावा लागतो. आपण तो करू शकत नाही. म्हणून ठाण्यातून बाहेर पडण्याआधीच मालकाला नुसता फोन न करता व्हॉट्सअॅप किंवा ईमेलने लेखी कळवावे: वेळ, ठिकाण, नोंद क्रमांक, फोटो आणि ‘कृपया विमा कंपनीला आजच कळवावे’ हे एक वाक्य. विमा कंपनीला उशिरा कळवल्यामुळे दावा अडला, तर उशीर कोणाचा हे त्या संदेशाच्या वेळेवरून ठरते.

पाटीचा रंग का पाहावा

आता थोडे मागे, म्हणजे गाडी ताब्यात घेण्याच्या क्षणाकडे जाऊ. कारण अपघातानंतरच्या बऱ्याच गोष्टी तिथेच ठरून गेलेल्या असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा रीतसर परवाना असलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीची नंबरप्लेट काळी असून तिच्यावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वापराची गाडी. गोव्यात पांढऱ्या पाटीच्या गाड्या थोड्या स्वस्तात भाड्याने मिळतात आणि घेणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली भाड्याने देण्याचा वापर स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. अशा गाडीला अपघात झाला की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला सरळ कारण मिळते. मग मालक दावाच करत नाही आणि सगळा खर्च भाडेकऱ्याकडून रोखीने मागतो. तिसऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या बाहेरच्या माणसाच्या, भरपाईतही अडचण उभी राहते. पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तेव्हा न्यायालये अनेकदा विमा कंपनीला आधी जखमीला पैसे देण्यास आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्यास सांगतात, आणि मालक मग आपल्याकडे वळतो.

म्हणून विमानतळावर किंवा हॉटेलच्या दारात गाडी आली की पाटीचा रंग पाहावा, एमपरिवहन अॅपवर क्रमांक टाकून विम्याची मुदत तपासावी आणि पॉलिसीची प्रत फोनवर मागून घ्यावी. करारनाम्यात ज्यांची नावे चालक म्हणून लिहिली आहेत तेवढ्यांनीच गाडी चालवावी. मेहुण्याजवळ वैध परवाना असला, तरी त्याचे नाव करारात नसेल तर अपघातानंतर मालकाला ‘परवानगीविना चालवली’ असे म्हणता येते. मूळ वाहन परवाना मात्र कोणाकडेही गहाण ठेवू नये. ओळख पटवायला त्याची प्रत पुरते.

गाडीचा व्हिडिओ काढताना बहुतेक जण दारे आणि बंपर टिपतात, पण खालची बाजू विसरतात. गोव्याच्या आतल्या रस्त्यांवर चिऱ्याचा दगड किंवा उंच गतिरोधक खालच्या चेंबरला (इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याला) लागणे अगदी नित्याचे आहे. चेंबर फुटून ऑईल गळू लागले आणि ‘आता हॉटेल जवळच आहे’ म्हणून आपण गाडी पुढे रेटली, तर इंजिन जाम होते. प्रमाणित पॉलिसीची अट अशी आहे की अपघातानंतर दुरुस्तीशिवाय गाडी चालवल्याने जे वाढीव नुकसान होईल ते विमा कंपनीच्या जबाबदारीत येत नाही. चेंबर काही हजारांत बदलून होतो, इंजिनचा खर्च लाखात जाऊ शकतो, आणि तो करारानुसार चालकाच्या गळ्यात पडतो. धडक बसल्यावर किंवा खालून मोठा आवाज आल्यावर गाडी थांबवून जमिनीवर तेलाचे थेंब पडत आहेत का ते वाकून पाहावे. पडत असतील तर किल्ली फिरवू नये, टोइंगची गाडी बोलवावी.

पैशांचा हिशेब

गाडी परत करताना माझ्याकडे २२,००० रुपये रोख मागितले गेले. मालकाच्या माणसाचे म्हणणे असे, की क्लेम केला तर एनसीबी, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, जाईल. हे म्हणणे खरे आहे. सलग काही वर्षे दावा न करणाऱ्या मालकाला गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात २० टक्क्यांपासून वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते आणि एका दाव्याने ती जाते. पण मालकाची सवलत वाचवण्यासाठी भाडेकऱ्याने पूर्ण दुरुस्तीचा भार उचलावा, असे करारात लिहिलेले नसेल तर तो भार आपोआप येत नाही. मी अंदाजपत्रकाऐवजी गॅरेजचे जीएसटी बिल आणि दावा मंजूर झाल्याचे पत्र, अशी दोन कागदपत्रे लेखी मागितली.

बिल आले तेव्हा ते १८,५०० रुपयांचे होते. त्यात आरसा ३,००० चा, दाराचा पत्रा ८,००० चा, रंगकाम ४,००० चे आणि मजुरी ३,५०० ची होती. विमा कंपनी यातले सगळे देत नाही, कारण सुट्या भागांचा घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा होतो. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के घसारा लागतो, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, मग पाच टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन दहा वर्षांनंतर ५० टक्के. मी घेतलेली गाडी दोन ते तीन वर्षांच्या टप्प्यात होती, तिथे हा दर १५ टक्के आहे. म्हणून प्लास्टिकमध्ये धरलेल्या आरशाचे १,५०० आणि दाराचे १,२०० वजा झाले. रंगकामाच्या एकत्रित बिलात एक चतुर्थांश साहित्य धरून त्यावर ५० टक्के, म्हणजे ५०० रुपये गेले. मजुरी पूर्ण धरली गेली. वर पॉलिसीतली अनिवार्य वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये. एकूण ४,२०० रुपये मालकाला मिळाले नाहीत आणि १४,३०० मिळाले. ज्या पॉलिसीला शून्य घसाऱ्याची जोड घेतलेली असते, तिथे ही दरी बहुतांशी वजावटीपुरतीच उरते.

भाडेकऱ्याची रास्त जबाबदारी या न मिळालेल्या रकमेची असते. तिच्यात एक भर पडते ती म्हणजे गाडी गॅरेजमध्ये उभी राहिल्याचे भाडे. माझ्या करारात ते दिवसाला १,८०० लिहिलेले होते आणि काम दोन दिवसांत झाले, म्हणून ३,६०० रुपये मी मान्य केले. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. गाडी दोन दिवस गॅरेजात असताना पंधरा दिवसांचे भाडे लावले गेले, तर गॅरेजच्या आवक-जावकेच्या तारखा मागाव्यात.

चालकाची स्वतःची दुखापत

ही बाजू सर्वांत कमी बोलली जाते आणि मला ती सर्वांत काळजीची वाटते. पॉलिसीतील १५ लाख रुपयांचे अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असते. भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला ते लागू होत नाही. शिवाय दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा त्या गाडीच्या मालकाच्या जागी उभा असतो, तिसरी व्यक्ती ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने निंगम्मा प्रकरणात २००९ साली म्हटले आहे. म्हणजे आपल्याच चुकीने गाडी झाडावर आदळली आणि आपला पाय मोडला, तर त्या गाडीच्या विम्याकडे बोट दाखवता येत नाही. चूक समोरच्या वाहनाची असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मार्ग आहे. पण पहिल्या प्रसंगासाठी स्वतःचा आरोग्य विमा आणि वैयक्तिक अपघात विमा याखेरीज आधार नाही, आणि तो सहलीच्या आधीच असावा लागतो.

मालक ऐकत नसेल तर

डिपॉझिट अडकवून ठेवले गेले, तर ‘गोव्यात जाऊन कोण भांडणार’ म्हणून लोक सोडून देतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. गाडी गोव्यातल्या मोपा विमानतळावर घेतली असली तरी पुणेकराला पुण्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ क्रमांकावर नोंद करता येते. मी केवळ ही नोंद केली आणि तिचा क्रमांक, बिल, मंजुरीपत्र व वरचा हिशेब एका ईमेलमध्ये जोडून पाठवला. १०,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून ४,२०० आणि ३,६०० वजा जाऊन उरलेले २,२०० रुपये अपघातानंतर तेविसाव्या दिवशी माझ्या खात्यात जमा झाले.